लाल कडं बुडालं तेव्हा

जव्हारच्या बाजारात ढवळूला लोक त्याच्या कपड्यांवरून ओळखायचे. अंगरखा नवा असो की जुना, त्याला बारीक बारीक भोकं पडलेली असायची. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "तेजाब खातंय." मग तेल्याच्या दुकानातले लोक म्हणायचे, "बायकोनं तेजाबाला जेवू घातलं असतं तर ते तुझे कपडे खात बसलं नसतं." ढवळू हसायचा. हा विनोद त्यानं इतक्या वेळा ऐकला होता की माणूस तोंड उघडायच्या आत तो हसून घ्यायचा.

तो मूळचा जामसरचा. संस्थानात पाहुण्यांसाठी नवा बंगला बांधायला काढला तेव्हा दगड वाहायला आला. बंगला उभा राहिला, मग विजेचं इंजिन आलं आणि इंजिनाबरोबर डहाणूचे बेजनजी मिस्त्री आले. पारशी माणूस, अंगानं मोठा, बोलणं तिखट. बॅटरीच्या खोलीत हाताखाली माणूस हवा म्हणून त्यांनी मजुरांना ओळीत उभं केलं, प्रत्येकाच्या हातात काठोकाठ भरलेली काचेची बरणी दिली आणि ओसरीच्या पायऱ्या चढायला लावलं. बाकीच्यांचे पाय भिजले. ढवळू लहानपणापासून नदीचं पाणी टेकडीवर चढवत आला होता. तो चढला तसाच उतरला आणि बरणी परत केली.

"तू राहायचा," मिस्त्री म्हणाले. "बाकी सगला जायचा."

मागच्या अंगणात कुडाच्या भिंतींची एक खोली मिळाली. ढवळूनं लग्न केलं आणि माघीला तिथं आणलं. फागू तिथंच जन्मला.

बॅटरीची खोली बंगल्याच्या मागे होती, बुटकी, खिडक्या वर. लाकडी फळ्यांवर काचेच्या चौकोनी बरण्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येक बरणीत तेजाबाचं पाणी आणि त्यात उभे शिशाचे पत्रे. संध्याकाळी इंजिन चालायचं, तेव्हा बरण्या वीज पिऊन घ्यायच्या. इंजिन थांबलं की बंगल्याचे दिवे त्या साठ्यावर जळायचे. आत गेलं की घशाला आंबट धार लागायची. ढवळूला ती आता लागत नव्हती.

कुठल्या बरणीत किती वीज उरली आहे हे बघणं हे त्याचं रोजचं पहिलं काम. त्यासाठी काचेची एक पोकळ कांडी होती, खाली शिशाच्या गोळ्यांनी जड केलेली. बरणीत सोडली की ती उभी तरंगायची. बरणी भरलेली असली की पाणी जड असतं, कांडी उंच राहते. वीज उपसली गेली की पाणी हलकं होतं आणि कांडी खाली खाली बसते. ढवळूला अक्षरओळख नव्हती म्हणून मिस्त्रींनी कांडीवर दोन कडी रंगवून दिली होती. खालचं हिरवं, वरचं लाल. हिरवं पाण्याबाहेर दिसलं तर बरणी भरलेली. लाल पाण्याला टेकलं की दिवे बंद करायचे.

"आणि लाल बुडला तर?" ढवळूनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"लाल बुडला तर मला तोंड दाखवू नको," मिस्त्री म्हणाले होते.

बरणीतलं पाणी उन्हानं आणि उकळीनं कमी व्हायचं. ते भरायला विहिरीचं पाणी चालत नसे, त्यातला खार पत्र्यांना बाधतो. पावसाळ्यात माघी अंगणाच्या मधोमध, कुठल्याही पागोळीपासून लांब, चिनी मातीच्या बरण्या मांडायची आणि वर धुतलेलं फडकं बांधायची. वर्षभराचं पाणी असं आभाळातून धरून ठेवलेलं असायचं.

पावसाळ्यात बंगला बंद राही. पाहुणे येत नसत, घाटातून गाड्या चढत नसत. मिस्त्री इंजिन पुसून, ते सुरू करायचा दांडा कुलपात घालून डहाणूला आपल्या घरी जात. जाण्यापूर्वी बरण्या भरून ठेवत आणि ढवळूला बजावत, "रोज कांडी टाकायची. लाल कडा पाण्याजवल आला तर बंगल्याच्या कारभाऱ्याला सांग. तो मला निरोप करेल." नुसत्या उभ्या राहिलेल्या बरण्याही हळूहळू उतरतात, पण एका पावसाळ्यात लाल कड्यापर्यंत कधी येत नसत.

त्या वर्षी श्रावणात फागूला ताप आला.

दवाखान्यातून औषध आणलं. जामसरहून आलेल्या पोश्या भगतानं फागूवरून उतरवलेला नारळ नदीत सोडला. ताप हटला नाही. फागू शेवटी पाणीसुद्धा मागत नव्हता. सकाळी माघीनं त्याच्या तोंडाला लावलेली वाटी तशीच भरलेली खाली ठेवली आणि ढवळूला म्हणाली, "हा घेत नाय." तेवढंच. ढवळूनं त्याच्या छातीवर हाताची मागची बाजू टेकवली, बरणी गरम झाली का बघताना टेकवायचा तशी. मग तो बाहेर जाऊन कुदळ शोधू लागला.

लहान पोरांना पुरतात. बंगल्याच्या मागच्या उतारावर, करवंदीच्या जाळीखाली जागा केली. पाऊस चालूच होता. खड्ड्यात पाणी भरायचं, ते उपसायचं, पुन्हा भरायचं. काम झाल्यावर ढवळू आंघोळ करून आला आणि बॅटरीच्या खोलीत जाऊन कांडी टाकत बसला. सगळ्या बरण्या पाहिल्या. लाल कडं अजून बरंच वर होतं. पाहून झाल्यावर त्याला आठवेना की आपण काय पाहिलं, म्हणून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

फागू जिथं गेला तिथं जमीन सारवून माघीनं तांदळाचं पीठ पसरलं आणि दिवा लावला. मेलेल्याचा दिवस घालेपर्यंत तो दिवा विझू द्यायचा नसतो. विझला तर जाणाऱ्याला वाट दिसत नाही, हे त्यांच्या पाड्यावरच्या लहान पोरालाही माहीत. पण दिवस घालायला पोश्या भगत यायला हवा होता, आणि तो जामसरला परत गेल्यावर नदी चढली होती. निरोप आला : पाणी उतरलं की येतो. पाणी उतरत नव्हतं.

कुडाच्या भिंतीतून वारा यायचा. दिवा फडफडायचा. माघी त्याच्याशेजारी हाताचा आडोसा करून बसायची. दोनदा डोळा लागला आणि दोन्ही वेळा दिवा विझला. तिसऱ्यांदा विझू नये म्हणून ती झोपेनाशीच झाली. खाणं नाही, बोलणं नाही. ढवळू म्हणाला, मी बसतो, तू पड. ती म्हणाली, "तू झोपशील." एकदा तिच्या तळव्याची कातडी ज्योतीला लागून काळी झाली, तरी हात तिथंच होता. ढवळूनं तो उचलून बाजूला ठेवला तेव्हा तिला कळलं.

"तुझ्या बाटरीतला दिवा आण," ती म्हणाली. "काचेतला. त्याला वारा लागत नाय."

ढवळू उठला, कोठीतून तारेचं वेटोळं आणलं, बॅटरीच्या खोलीतून ती तार अंगणावरून वळचणीखालून ओढून घेतली आणि खोलीतल्या आढ्याला एक लहान दिवा टांगला. पीठ पसरलेल्या जागेवर पिवळा उजेड स्थिर पडला. माघी त्याच्याकडे बघत बसली. तो हलत नव्हता. मग ती भिंतीशी आडवी झाली आणि झोपली, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

एवढ्याशा दिव्यानं काय होतंय, असं त्याला वाटलं असेल का? नाही. त्याला नीट माहीत होतं. रोज सकाळी तो कांडी टाकत होता आणि ती रोज थोडी खाली बसत होती. लाल कडं पाण्याजवळ आलं तेव्हा कारभाऱ्यांकडे जायला हवं होतं. ते पहिलं विचारतील, वीज जाते कुठे. तो गेला नाही. लाल कडं टेकलं. दुसऱ्या दिवशी बुडालं. ढवळूनं बघितलं आणि कांडी पुसून ठेवली. त्याला भीती वाटायला हवी होती, आणि ती कुठेतरी असेलही, पण जाड घोंगडीपलीकडून कुणी हाक मारावी तशी.

दिवा पिवळ्याचा तांबडा झाला. मग आतली तार निखाऱ्यासारखी नुसती लाल दिसू लागली, उजेड नाहीच. माघी म्हणाली, "अजून हाय." ती लाल रेघसुद्धा गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पोश्या भगत चिखलानं माखलेला येऊन पोचला आणि दिवस घातला. विझल्याचं त्याला दोघांनीही सांगितलं नाही.

ढवळूनं तार गुंडाळून कोठीत ठेवली. त्यानंतर तो बॅटरीच्या खोलीत गेला नाही. भाद्रपद गेला. अंगणातल्या चिनी बरण्यांवर फडकी बांधायची राहून गेली, त्यांच्यात पानं पडली, डासांच्या अळ्या झाल्या. माघीनं त्या पालथ्या केल्या.

मिस्त्री दसऱ्याच्या सुमाराला आले. नेहमीप्रमाणे अंगणातूनच ओरडत. "अरे ढवलू, जिवंत हाय का?" मग त्यांना फागूचं कळलं. ते टोपी काढून थोडे उभे राहिले आणि बॅटरीच्या खोलीकडे गेले. ढवळू मागोमाग गेला.

आतले पत्रे पांढरे पडले होते. भिंतीला चुना फुटावा तसे डाग, वरपासून खालपर्यंत. मिस्त्रींनी कांडी सोडली. ती बुडून तळाला टेकली.

मिस्त्री म्हणाले, "कोण केला?"

ढवळूनं सांगितलं. तार कुठून नेली, दिवा किती दिवस ठेवला, भगत का आला नाही. दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

"मेलेल्या पोराला उजेड कशाला लागते रे?" मिस्त्री म्हणाले.

"वाट दिसायला."

मिस्त्री वाकून एकेक बरणी बघू लागले आणि बघता बघता त्यांचा आवाज चढत गेला. गाढव, डोक्यात भुसा, असला माणूस मी सांभाळला. ढवळू उभा राहून ऐकत होता. शिव्या संपल्यावर मिस्त्री म्हणाले, "आता उभा काय राहिला? दार उघड, हवा येऊ दे."

कारभाऱ्यांना सांगणं भागच होतं. दिवाळीच्या आधी मुंबईचे पाहुणे येणार होते. कारभारी शांत माणूस होते, आवाज न चढवता बोलायचे. ते ढवळूला म्हणाले, "तुझ्यावर प्रसंग आला, ते खरं. पण तुझ्या हाती विश्वासानं दिलेली वस्तू तू मोडलीस. खोली रिकामी कर आणि जामसरला जा."

"साहेब, आधी या बरण्यांतले सेल उठवू द्या," मिस्त्री मध्ये बोलले. "आता नवा माणूस कुठून आणू? हा गेला तर मी एकटा काय काय करू?"

"उठतील?"

"काही उठेल, काही मरेल. मी खुदा नाय."

कारभाऱ्यांनी विचार केला. "पाहुणे येतील त्या संध्याकाळी बंगल्यात दिवे लागले, तर हा राहील. नाही लागले तर दुसऱ्या दिवशी निघेल."

ढवळूनं हे माघीला सांगितलं तेव्हा ती नागली पाखडत होती. सूप थांबलं. "जामसरला," ती म्हणाली. मग मागच्या दाराकडे पाहिलं. तिथून उतार दिसायचा आणि करवंदीची जाळी दिसायची. रोज जेवायच्या आधी ती घासभर भात तिथं ठेवून यायची. जामसर काही दूर देश नाही, पण रोज येऊन जाता येईल इतकं जवळही नाही.

"मी नाय जायची," ती म्हणाली आणि पाखडू लागली.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी घाई केली. इंजिन लावलं आणि नेहमीइतकी वीज सोडली. घटकाभरातच बरण्या फेसाळल्या, तेजाब उसळून फळ्यांवर आलं, काच हाताला चटका देऊ लागली. कांडी होती तिथंच. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं आणि दगडावर बसले.

"उपाशी माणसाला एकदम वाढला तर ओकतो," ते म्हणाले. "हलू हलू. एकदम हलू."

बरण्यांतलं जुनं तेजाब काढून त्या जागी निव्वळ पाणी घालायचं, आणि मग इतकी थोडी वीज सोडायची की भिंतीवरच्या तक्त्यातला वीज मोजायचा काटा जेमतेम जागचा हलावा. पत्र्यांवरचा पांढरा थर असा विरघळतो, असं ते म्हणाले. पण पाणी लागणार होतं पुष्कळ आणि तेही शुद्ध. चिनी बरण्या पालथ्या होत्या, पाऊस संपला होता. मुंबईहून मागवलं तर पाहुणे येऊन जायचे.

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "ढवलू, तुम्ही लोक मोहाची दारू गालता ना?"

ढवळूनं दाराकडे पाहिलं. घरी दारू गाळायला संस्थानात मनाई होती.

"अरे पकडायला नाय विचारत. भट्टीत मोहाच्या ठिकाणी नुसता पाणी घातला, त्याची वाफ धरली तर?"

ढवळूनं माघीला सांगितलं. ती ऐकून घेऊन उठली आणि कुंभाराकडे जाऊन कोरी मडकी घेऊन आली, जुन्यांना मोहाचा वास असतो म्हणून. अंगणात चूल मांडली. मडक्यावर मडकं चढवलं, सांधे चिकणमातीनं लिंपले, बांबूची नळी बसवली, शेवटच्या मडक्यावर गार पाण्याचं फडकं गुंडाळलं. खाली जाळ, वर वाफ, नळीतून थेंब. तिच्या आईच्या घरी तिनं हे लहानपणापासून पाहिलं होतं. पहिलं पाणी मातीच्या वासाचं आलं, ते तिनं ओतून दिलं. मग तिथंच बसून राहिली, लाकडं सारत, फडकं भिजवत.

बंगल्याचा माळी सुकऱ्या धूर बघून आला. त्यानं इकडे तिकडे पाहिलं, हळूच वाटी पुढे केली आणि एका दमात घोट घेतला.

"माघी, हे काय गं?"

"पाणी."

"पाण्याची दारू करतात, तू दारूच्या भट्टीत पाणी करतेस? येडी झालीस की काय?"

"बाटरीला लागतं."

"बाटरीची मजा आहे बुवा," सुकऱ्या म्हणाला आणि वाटी झटकून गेला. त्यानं बाजारात ही गोष्ट सांगितली आणि मग रोज कुणीतरी कुंपणाशी येऊन विचारायचं, आजचा माल कडक उतरला का. माघी मान वर करायची नाही. पण तिनं थेंब खंडू दिले नाहीत.

ढवळू बॅटरीच्या खोलीत होता. बरणी कोमट लागली की मिस्त्रींना हाक मारायची, ते इंजिन थांबवत, बरण्या निवल्या की पुन्हा सुरू. दिवसामागून दिवस हेच. कांडी टाकायची, ती तळाला. पुन्हा टाकायची, ती तळाला. मिस्त्री खोलीत येऊन त्याचं तोंड बघून परत जात. दोन बरण्यांत तर वीज उलटी झाली होती, त्यांना तारा लावल्या की मोजायच्या यंत्राचा काटा नको त्या बाजूला जायचा. बाकीच्यांनी त्यांच्यातून ओढून घेतलं, मिस्त्री म्हणाले. त्यांचे पत्रे वाकून एकमेकांना टेकले होते. त्या काढून बाहेर ओसरीवर ठेवल्या.

मग एका सकाळी कोपऱ्यातल्या बरणीत कांडी तळाला टेकली नाही. बोटाच्या पेराएवढी वर थांबली. ढवळूनं ती उचलून पुसली आणि परत सोडली. तिथंच थांबली. त्यानं शेजारच्या बरणीत सोडली. तिथंही.

मिस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "डिकरा, उठते हाय. पण हसतो का नाय तू?"

"हसतो की," ढवळू म्हणाला.

पत्र्यांवरचे पांढरे डाग कडांकडून विरत गेले. खालचा तांबूस रंग दिसू लागला. शेवटी लाल कडं पाण्याबाहेर आलं, आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी तेजाब बेतानं परत घालून कांडी सोडली, तेव्हा हिरव्या कड्याची वरची धार दिसत होती. पूर्वीइतकी नव्हे. एवढं पुरेल, ते म्हणाले.

पाहुणे आले, जेवले, दिवाणखान्यात बसले. इंजिन थांबल्यावरही दिवे जळत राहिले. कुणी वर पाहिलंसुद्धा नाही. सकाळी कारभाऱ्यांनी बोलावलं आणि सांगितलं, "राहा. पण बंगल्याची तार पुन्हा खोलीत नेऊ नकोस." ढवळू हात जोडून मागे फिरला.

माघी अंगणात भट्टीची मडकी घासत होती. चुलीच्या काजळीनं तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"राहायचं म्हणतात," तो म्हणाला.

"हितंच?"

"हितंच."

"बरं."

ती घासत राहिली. तो पायरीवर बसला. आता आपल्याला काहीतरी वाटेल असं समजून तो वाट बघत होता. अंगणात ऊन होतं. कोंबडी राख उकरत होती. काही वाटलं नाही.

माघीनं मडकं ठेवायला मान वर केली आणि तशीच थांबली. "पायाला काय झालं तुझ्या?"

त्यानं खाली पाहिलं. डाव्या पावलावर रुपयाएवढी जखम होती, कडा पांढऱ्या, मध्ये ओली. फळ्यांवरून तेजाब सांडलं असेल.

"कधीची?"

"म्हायती नाय."

"एवढं भाजलं नि म्हायती नाय?" ती उठून आली, उकिडवी बसली आणि पाऊल आपल्या गुडघ्यावर घेतलं. फागू गेल्यापासून तिनं त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. काळ्या बोटांनी तिनं जखमेच्या कडेला दाबून बघितलं. "दुखतंय?"

पाऊल त्याच्या नकळत आखडलं. "दाबलं की दुखतंय."

"मग हालू नको," ती म्हणाली आणि करंजाचं तेल आणायला आत गेली.